बत्त्या सगळ्या वर आल्या

बाबा, सगळ्यात पहिले टपकली ते बाजूवाली, अन तिले तर मी बोलावलंही नव्हतं. माही वांगी गॅसवर भाजून राहिली होती, घरभर धूर, अन ही पदर नाकाले लावून दारात उभी. "काहून वं काकू, पाहुणे येऊन राहिले का?" म्हटलं, हो, नातीच्या ऑफिसातले. "पाहाले येऊन राहिले का तिले?" म्हटलं, तिले नाही, तिचं काम संपलं म्हणून जेवाले येऊन राहिले. तिनं मानलं नाही, ते तिच्या तोंडावरच दिसून राहिलं होतं. पाय पसरून खाली बसली, लसणाचा गड्डा ओढला अन म्हणते, "मी सोलून देते ना, तुम्ही एकट्या काय काय करान." मुलगा अन सून कामठीले लग्नाले गेले होते, ते तिले पक्कं माहीत. खरं सांगू का, बरंच झालं तिचं येणं. गोळाभात, भरीत, कढी, अन वरून नात म्हणते पाटोडीचा रस्साही कर. या वयात चार माणसांचा स्वयंपाक म्हणजे मले पंगतच वाटते. नातीनं मिक्सर काढून दिला होता, पण त्या मिक्सरचं अन माहं जमत नाही. तो एकदम ओरडते.

तुम्ही हुडकेश्वर पाहिलं नाही. तुमच्या वेळेस इकडे वावरंच होती. आता आमच्या गल्लीत चार मजल्याची तीन घरं उठली, अन आमचं एक तेवढं बसकं राहिलं. नात इथून सदरले जाते, गाडीवर, हेल्मेट घालून. कॉम्प्युटरचं काम आहे. काय काम म्हणून मी दीड वर्षं विचारून विचारून थकली, अन ते एकच म्हणे, "आजी, बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे." आता सांगा, घरच्या म्हातारीले सांगू नये असं कोणतं काम असते? मी तर एकदा तिच्या आईलेही म्हटलं होतं, पाहा बरं वं, काही उलटंसुलटं तर करून नाही राहिली.

बाराच्या सुमारास तिघं आले. साहेब पहिले, पांढऱ्या मिशीचे, आपल्या इकडचेच, चपला दाराबाहेर जोडीनं ठेवणारे. त्यांच्या मागून एक इंजिनिअर, इतका लंबा की आमच्या बैठकीतल्या पंख्याची मले काळजी वाटली. अन तिसरी एक दक्षिणेकडची बाई, केस कापलेले, मले आल्याआल्या "अम्मा" म्हणाली अन सरळ स्वयंपाकघरात येऊन वांगी पाहून गेली. बसले, पण कसे बसले ते पाहा. माही नात दिवाणाच्या या टोकाले, तो लंबू पार त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर. ते खिडकी पाहे, तो कॅलेंडर पाहे. एकमेकांशी शब्द नाही. दोघं एकाच कॉलेजात शिकलेले, तरी. बाजूवाली माह्या कानात म्हणते, "पाहा काकू, लाजून राहिले दोघं. मी म्हटलंच होतं."

साहेब हसले. म्हणाले, "अरे बोला आता, संपला ना नियम." अन मले समजावून सांगाले लागले. "आजी, या दोघांना दीड वर्षं एकमेकांशी बोलायची बंदी होती. ही दुसऱ्या मजल्यावर, हा चौथ्या. चहाची वेळही वेगळी. एकच काम दोघांकडून वेगवेगळं करून घेतलं आम्ही." मी म्हटलं, "एका कामाले दोन माणसं कशाले? भरोसा नव्हता का एकावर?" "भरोसा होता, पण माणूस आहे, चुकतोच. एकाची मशीन चुकली तर दुसऱ्याची तरी बरोबर पाहिजे ना. तीच मशीन दोनदा बनवून ठेवली तर काय होईल? जिथं एक चुकेल तिथंच दुसरीही चुकेल, त्याच वेळी, अगदी तशीच. म्हणून माणसं वेगळी, आतलं सामान वेगळ्या कंपनीचं, मशीनला सांगायची भाषासुद्धा वेगळी." अन ते दक्षिणेकडची बाई दोघांचंही तपासणारी. लंबू म्हणे, "लिफ्टमध्ये भेटलो तर मी भिंत पाहायचो आजी." नात म्हणते, "अन मी मोबाईल. मोबाईल बंद असला तरी."

सगळे हसले, मीही हसली, पण मले ते ऐकून नवल नाही वाटलं, बाबा. मले आपली शेगडी आठवली. थंडीच्या दिवसात आपल्या क्वार्टरात कोळशाची शेगडी आत असे, अन झोपाच्या आधी ते अंगणात काढून ठेवाची, नाहीतर बंद खोलीत कोळशाचा धूर माणसाले झोपेतच घेऊन जाते. तुम्ही रोज आईले विचारत, अन मलेही विचारत. आईनं घरात पाहाचं, शेगडीची जागा रिकामी आहे का. मी अंगणात जाऊन पाहाचं, शेगडी तिथं आहे का. अन दोघींनी एकमेकींले काही सांगाचं नाही, आपापलं येऊन तुमाले सांगाचं. एक दिवस मले थंडी वाजली, मी गोधडीतूनच म्हटलं, "ठेवली हाय बाहेर." तुम्ही म्हटलं, "तुनं पाहिली?" म्हटलं, "आईनं पाहिली ना." तुम्ही माही गोधडी काढून घेतली. मारलं नाही, तुम्ही कधीच मारलं नाही, पण जे बोलले ते माह्या कानात अजून आहे. "आईचे डोळे मले आईकडून भेटले. तुहे काहून देत नाहीस?" मी रडत रडत अंगणात गेली. शेगडी तिथंच होती, अन मले तुमचा इतका राग आला होता. आता माह्या सुनेले मी तसंच करते. ते म्हणते गॅस बंद आहे, मी जाऊन सिलेंडरचा कॉक पाहते. तिले वाटते सासूले भरोसा नाही.

मंग मी विचारलं, पण काम कोणतं? नातीनं साहेबाकडे पाहिलं, साहेबानं मान हलवली, अन ते म्हणाली, "खाणीचं काम आहे, आजी. कन्हानकडची एक कोळशाची खाण." माह्या हातात कढीचं भांडं होतं. मी ते खाली ठेवलं. ते सांगून राहिली होती, तिचे डोळे असे चमकून राहिले होते, "खाली किती माणसं गेली अन किती वर आली, ते या दोन मशीनी मोजतील. हवेचा मोठा पंखा दुरुस्तीसाठी बंद करायचा असला तर दोघींनीही म्हटलं पाहिजे, सगळे वर आले. एकीनं जरी म्हटलं एक माणूस खाली आहे, तर ते बटणच दबणार नाही. परवाच्या सोमवारपासून सुरू." मले खूप बरं वाटलं, बाबा. माही नात, अन खाण, अन हवेचा पंखा. तिले कुठं माहीत, तो पंखा माह्या कानात लहानपणभर वाजला म्हणून. तिले एवढंच माहीत, की आजी खाणीच्या क्वार्टरात वाढली.

जेवाले बसले. गोळाभातावर गरम तेल घातलं, साहेब म्हणाले, वा, आईच्या हातचा आठवला. मी म्हटलं, आता सांगा, तुमच्या मशीनी मोजतात कशा? लंबूनं आपल्या ताटातली वाटी उचलली. "ही बत्ती समजा आजी, टोपीवरची. माणूस वर आला की बत्तीघरात येतो अन बत्ती खणात लावतो, चार्जिंगला. खणाला कळते, अमुक नंबरची बत्ती आली. माझी मशीन ते मोजते." नात म्हणते, "माझं तसं नाही. माझं याच्याहून एकदम वेगळं. बत्तीच्या आत एक छोटीशी चकती आहे. माणूस वर येताना फाटकातून जाते, फाटक त्या चकतीला ओळखते. हात लावायचं काम नाही." दोघंही एकमेकांची मशीन पहिल्यांदाच ऐकून राहिले होते. लंबू तिले म्हणे, "अरे वा, मस्त आहे बे." बाजूवालीनं मले कोपर मारलं.

बाबा, मी वाढता वाढता थांबली. आपल्या लाईनीत, खाणीच्या क्वार्टरांच्या त्या रांगेत, माणसाले माणूस कोण म्हणे? "किती बत्त्या खाली हायेत?" "बावन्न नंबर वर आला का?" असंच बोलत सगळे. मी म्हटलं, "अन बत्ती दुसऱ्यानं आणली तर?" लंबू हसला. "दुसऱ्याची कशाला कोणी आणेल आजी? प्रत्येकानं आपली बत्ती आपण जमा करायची, नियमच आहे तसा." म्हटलं, "नियम तवाही होता." अन मंग मी त्यांले तो दिवस सांगतला. सांगाचा नव्हता खरं तर. साठच्या वर वर्षं झाली, मी कोणाले सांगतला नाही, तुमच्या जावयालेही नाही.

तो शनिवार होता, खाणीच्या शाळेले अर्धी सुट्टी. मी डबा घेऊन तुमच्याकडे आली आहे अन बत्तीघरात मागच्या पेटीवर बसली आहे. पाळी सुटून राहिली आहे. खिडकीतून काळी काळी तोंडं दिसतात, दात तेवढे पांढरे, हात आत येते, बत्ती ठेवते, तुम्ही नंबर पाहून खिळ्याले टांगता. त्या दिवशी पंख्याचं काम निघालं आहे, म्हणून सगळ्यांची घाई. एक माणूस दोन बत्त्या ठेवते अन म्हणते, "एक माही, एक दोस्ताची. त्याची आतमधीच विझली, ते बॅटरीची जड पेटी कशाले वागवू म्हणे. मागून येऊनच राहिला हाय." तुम्ही दोन्ही टांगता. त्यात नवं काही नाही, रोज कोणी ना कोणी दोन दोन आणते. हाजरीबाबूचं काम हे, की खाणीच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या एकेकाचं तोंड पाहाचं अन वहीत खूण कराची. पण बाहेर ऊन आहे, तो तुमच्या खिडकीशी सावलीत येऊन उभा आहे, अन तुमच्या खिळ्यांवरचे नंबर पाहून खुणा करते. तो विचारते, "काय गा, झालं?" तुम्ही म्हणता, "बत्त्या सगळ्या वर आल्या." तो म्हणते, "माह्याही वहीत सगळे वर." दोन वह्या, दोन माणसं, दोन्ही जमल्या. अन पंखा बंद झाला. तो बंद झाला ते मले चांगलं आठवते, कारण त्याचा आवाज कायम राहे म्हणून तो कधी ऐकूच आला नव्हता. बंद झाला तवा कान एकदम रिकामे झाले.

मंग एक बाई आली. डोक्यावर पदर, कमरेवर लेकरू. "माहा माणूस कुठं हाय?" तुम्ही म्हटलं, "वर आला ना बाई, हे पाहा, त्याची बत्ती टांगली हाय." ते म्हणाली, "बत्तीले मी काय करू? बत्ती जेवते का माह्या घरी? मले माणूस दाखवा." तुमचं तोंड मले अजून दिसते. तुम्ही त्या खिळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, अन उठून धावले, चप्पल तिथंच. पंखा पुन्हा चालू झाला. माणसं खाली उतरली. तो एका जुन्या बोगद्यात भेटला, पाय मुरगळून बसलेला, अंधारात, जवळ बत्ती नाही. जिवंत होता. वर आणला तवा पाणी प्यायला अन तंबाखू मागितली, अन त्याची बायको त्याले चारचौघांत शिव्या देत देत रडली.

एवढं मी सांगतलं, अन जेवण थांबलं, बाबा. दक्षिणेकडची बाई हळूच म्हणाली, "अम्मा, दोनों मशीन अलग, दोनों लोग अलग. मगर दोनों बत्ती को ही देख रहे थे. और मैंने भी क्या टेस्ट किया? बत्ती ही टेस्ट किया." लंबूची वाटी हातातच होती. नात एकदम तडकली माह्यावर. "आजी, हे तू आत्ता सांगून राहिली? दीड वर्ष झालं!" म्हटलं, "तू आत्ता सांगून राहिली ना वं, की खाणीचं काम हाय म्हणून." ते ताटावरून उठली अन आत गेली. साहेब उठले. हात धुतला, फोन काढला अन त्या खाणीतल्या एका जुन्या सरदाराले लावला, खाली माणसांवर जो देखरेख ठेवते त्याले. सगळ्यांले ऐकू येईल असा ठेवला.

"सरदार, एक सांगा, बत्ती जमा करताना एखादा दुसऱ्याची बत्ती आणतो का कधी?" तिकडून आवाज आला, "कधी म्हणजे? रोजच आणते साहेब. सगळेच लाईन लावून उभे राहिले तर आंघोळीले नंबर कवा लागन? एक जण चौघांच्या लावून देते." साहेब म्हणाले, "मग हे आम्हाला कोणी कसं नाही सांगितलं? आम्ही चार वेळा येऊन विचारून गेलो." "तुम्ही पुसलंच कुठं साहेब? तुम्ही पुसलं, बत्त्या किती हायेत. आमी सांगतल्या." बाजूवाली फस्सकन हसली अन मंग तोंडावर पदर घेतला. साहेबांनी तिथंच बसून आणखी दोन फोन केले. सोमवारचं सगळं थांबवलं.

मी आत गेली. नात ओट्याशी टेकून उभी होती, नाक लाल. "मी सही केली होती आजी. सोमवारी सुरू होणार होतं. एखादा तसाच खाली राहिला असता तर दोन्ही मशीनींनी म्हटलं असतं सगळे वर, अन पंखा बंद केला असता माझ्या सहीवर." मी म्हटलं, "राहिला का कोणी?" "नाही." "पंखा चालू हाय ना?" "हो." "मंग तोंड धू अन बाहेर चाल. भात थंडा होऊन राहिला." तिनं माह्या खांद्यावर डोकं ठेवलं. इतकी मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली, तरी केसांले तोच वास, लहानपणचा. मले रागवली ते बरं केलं, असंही वाटलं मले, तिले आपलं काम इतकं लागते जिवाले.

बाहेर आलो तर साहेब भिंतीकडे पाहून आपल्याशीच बोलून राहिले होते. मले पाहून म्हणाले, "आजी, त्या बत्तीवाल्याचं पुढं काय झालं?" म्हटलं, "त्याच्यावर ठपका आला. बत्तीघरातून काढून कोठारात टाकला, फावडी अन घमेली देणंघेणं कराले. हाजरीबाबूवर काही नाही आलं. त्याची वही साफ होती." साहेबांनी मान हलवली. "त्या बत्तीवाल्याची चूक नव्हती ती. म्हणजे त्याच्या एकट्याची नव्हती. दुसरी मोजणी त्याच्याच खिडकीतून झाली, त्याच बत्त्यांवरून, तिथंच सगळं फसलं. दोन वह्या होत्या पण पाहणारी नजर एकच होती. आजी, आम्ही इतके शिकलेले, दोन मजल्यांवर दीड वर्षं बसलो, बोलायची बंदी केली, अन तेच केलं. त्या बिचाऱ्याला कशाला दोष द्यायचा."

मी तूप आणते म्हटलं अन आत आली. तूप ताटाजवळच होतं. फ्रिजच्या मागं जराशी उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं. वांग्याचा धूर अजून घरात होता, म्हणून कोणी विचारलं असतं तरी चाललं असतं. बाबा, तुम्ही कोठारात रिटायर होईपर्यंत राहिले. लाईनीतल्या बाया नळावर आईले ऐकू जाईल असं म्हणत, याच्यानंच माणूस खाली राहिला होता. तुम्ही कधी एका शब्दानं उत्तर नाही दिलं. त्याच हिवाळ्यात तुम्ही शेगडीचा तो कायदा काढला, अन आईले वाटलं ठपक्यानं तुमचं डोकं फिरलं. मलेही लहानपणी तसंच वाटे. मोठी झाली तवा वाटे, चूक झाली होती म्हणून भेले असतील. आता कळते, तुमाले त्या दिवशी एकट्यालेच कळलं होतं काय फसलं ते. सांगाले कोणी नव्हतं, अन विचाराले कोणी आलं नाही, मंग तुम्ही ते शेगडीवर लावलं.

मी परत गेली तवा बैठकीत बाजारासारखा गलका. तिसरी मोजणी कशी कराची म्हणून. लंबू म्हणे अंगठा लावू, नात म्हणे कोळशाच्या हाताचा अंगठा मशीनले दिसणारच नाही. दक्षिणेकडची बाई म्हणाली, मुंडकी मोजायची. नाव नको, नंबर नको, बत्ती तर नकोच. फाटकातून डोकी किती खाली गेली अन किती वर आली, बस. अन ते बनवणारा माणूस तिसराच पाहिजे, ज्याले या दोघांच्या मशीनी कशा चालतात ते ठाऊकच नाही. साहेब म्हणाले, त्याच्यातही कुठं तरी फसणारच, पण बत्तीपाशी तरी नाही फसणार. मले विचारलं, "आजी, तुमचं काय म्हणणं?" मले! मी चौथी शिकलेली. म्हटलं, "मोजा मुंडकी. पण त्या मोजणाऱ्याले सावलीत खिडकीपाशी उभं राहू देऊ नका." बाजूवाली मधातच म्हणते, "अन घरी बायकोले फोन लावा ना साहेब. माहा माणूस दहा मिनिटं उशिरा आला तर मी दहा ठिकाणी फोन लावते. तुमच्या मशीनीच्या आधी मले कळन." सगळे हसले, पण साहेबांनी ते लिहून घेतलं, मी पाहिलं. लंबू म्हणे, "काकू, तुम्हाला ऑफिसातच घेऊन टाकतो." "घ्या ना, मी काय नाही म्हणून राहिली का?"

भात उरलाच नाही. पाटोडीचा रस्सा लंबूनं तीनदा घेतला, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, अन म्हणे तिखट नाही आहे. जाता जाता दक्षिणेकडची बाई माह्या पाया पडली. मले लाजच वाटली. ते गेल्यावर बाजूवाली चप्पल घालता घालता म्हणते, "काकू, मंग काही जमलं नाही वाटते." म्हटलं, "नाही वं, सोमवारचं मोडलं." ते बिचारी इतकी वाईट वाटून घेऊन गेली, की मले मागून हाक मारून सांगा लागलं, मशीनीचं म्हणून. तरी तिचा भरोसा बसला नाही.

नात आता तिकडं बसून लिहून राहिली आहे, खाणीतली माणसं आणखी काय काय करतात ते तिले माह्याकडून पाहिजे. दोन पानं भरली. मी म्हटलं, मले फक्त आपल्या लाईनीचं माहीत, तवाचं, दुसऱ्या खाणीवाल्यांलेही विचारा, माह्या एकटीचं ऐकाल तर पुन्हा तेच कराल. ते ऐकून नात माह्याकडे अशी पाहाले लागली, जसं मी काही फार मोठं बोलली. मी तर तुमचंच बोलली.

हे तिच्याच एका अर्ध्या वहीत लिहून राहिली आहे. काना-मात्रा चुकल्या असतील, तुम्ही असते तर लाल पेन्सिलनं गोल केले असते. पोस्टात टाकाचं नाही, टाकू कुठं? फक्त एक राहिलं, ते सांगते अन बंद करते. सगळ्यांपुढं मी तो दिवस सांगतला, खिडकी सांगतली, खिळे सांगतले, त्या बाईचं बोलणं सांगतलं. पण "लाईनीत एक बत्तीवाला होता" एवढंच म्हटलं, बाबा. तो माहा बाप होता, हे माह्या तोंडून निघालं नाही. साहेबांनी तुमाले बिचारा म्हटलं तवाही नाही. साठ वर्षांची सवय, जीभ आपोआप तिथून वळून जाते. आता मले वाटते निघेल. त्या सरदाराले घेऊन पुन्हा येतो म्हणाले आहेत, गुरुवारी, चार वाजता.